चहानं उपवास मोडत नाही

हे मी आजवर आईला सांगितलं नाही, नवऱ्याला सांगितलं नाही, होस्टेलवर जिच्याबरोबर एका ताटात जेवले त्या मैत्रिणीलाही नाही. तुम्हालाच का सांगतेय? — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ऐकताना तुम्ही आधी हसाल. हसा. मीसुद्धा बरेच दिवस हसून घेतलं.

नर्सिंगचं दुसरं वर्ष होतं. धाराशिवच्या एका दवाखान्यात, सर्जरी वॉर्डात आमची ड्युटी लागली होती. मी तामलवाडीची. कडक इस्त्रीचा युनिफॉर्म घालून गावात उतरले की म्हाताऱ्या मला डॉक्टरीणबाई म्हणायच्या, आणि मी कुणाचीच चूक दुरुस्त करायची नाही. पण तो गुन्हा वेगळा, तो राहू दे.

प्रत्येकीला एकेक पेशंट नेमून दिला होता. माझ्या वाट्याला येरमाळ्याच्या गोदाआजी. पित्ताशयात खडे, मंगळवारी सकाळी ऑपरेशन. रात्रीपासून तोंडानं काही द्यायचं नाही, असा बोर्ड पलंगाला टांगलेला. भूल दिल्यावर पोटातलं उलटून श्वासनलिकेत गेलं तर माणूस दगावतो — हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. त्या सकाळी माझं काम एवढंच, की म्हातारीचं तोंड रिकामं ठेवायचं आणि आमच्या कॉलेजच्या मॅडमचा राउंड यायच्या आत बीपी, नाडी, ताप बघायचा. याला काय मोठी अक्कल लागते?

आजींनी हात पदराखाली घेतला.

"आदी चहा, मग हात."

मी समजावलं, दटावलं, देवीची शपथ घातली. तिथंच फसले. आजी उठून बसल्या. "आगं पोरी, येडाईचा मंगळवार करते म्या. लगीन झाल्यापासून. चहानं उपास मोडत न्हाय."

आता मीही मंगळवार करणारी. आमच्या घरीही चहानं उपवास मोडत नाही. बाहेर मॅडमचा आवाज येत होता, आणि आजींचं म्हणणं मला — कसं सांगू? — पटलं. दीड वर्षाचं शिक्षण एका बाजूला आणि आईचं स्वयंपाकघर एका बाजूला, कोण जिंकणार? आजींची सून, वैशाली, तोंड धुवायला गेली होती. तिच्याच थर्मासमधून मी अर्धा कप ओतला. आजींनी फुर्र करून संपवला आणि हात पुढं केला. बीपी अगदी सुरेख आलं!

ऑपरेशन थिएटरच्या दाराशी भुलीच्या डॉक्टरांनी विचारलं, काही खाल्लं-प्यायलं का? आजी अभिमानानं म्हणाल्या, "काय न्हाय वो. नुसता चहा. दुधाचा."

ऑपरेशन रद्द. डॉक्टर ओरडले, कुणी दिला? आजींनी माझ्याकडं पाहिलं. माझा चेहरा पांढराफटक पडला असणार, कारण त्यांनी डोळ्याची पापणी न हलवता सांगून टाकलं, "सुनंनं."

वैशालीनं आ वासला. मग माझ्याकडं वळली. "सिस्टर, तुमी हितंच व्हता की. सांगा की वो."

आणि मी — मी म्हणाले, "मी थर्मामीटर आणायला गेले होते."

थर्मामीटर माझ्या खिशातच होता.

नंतर आजी माझ्या कानाशी लागल्या. "तू काय काळजी करू नगंस. तिला बोलणी खायची सवय हाय, तुला न्हाय." मला हसू आलं. लाज नाही — हसू. मी वाचले होते ना!

पुढची तारीख मिळाली शुक्रवारची. त्याच दिवशी नळदुर्गला वैशालीच्या धाकट्या बहिणीचं लग्न. आजींजवळ बसायला दुसरं कुणी नव्हतं. हे मला कळलं तेव्हाही सांगता आलं असतं. मॅडम रागावल्या असत्या, फार तर घरी चिठ्ठी गेली असती. तेवढंच. नाही सांगितलं.

शुक्रवारी आजी आत गेल्या आणि वैशालीनं व्हरांड्यात बसून फोनवर लग्न पाहिलं. ज्याच्या हातात फोन होता तो शहाणा मांडवाचा पंखा आणि कुणाचा तरी कानच दाखवत होता. अक्षता पडल्या तेव्हा पडद्यावर जिलेबीची परात होती. तिनं तिकडंच बघून हात जोडले. ऑपरेशन नीट झालं. सगळं नीट झालं.

मग तिनं मला हाक मारली. मला वाटलं, आता शिव्या घालणार. मी तयारही होते. ती खाली बघत हळूच म्हणाली, "सिस्टर, सगळी मलाच म्हनत्यात. त्या दिवशी रातभर जागी व्हते म्या. झोपंच्या तारंत मीच दिला आसंल का वो चहा?"

ती खरंच विचारत होती.

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "दमल्यावर होतं असं."