बटण सोडा, बाई

“बसत नाई, जातो आता,” असं म्हणतच ते घरात यायचे. निरोप आधी, येणं नंतर. मग पुढचा तासभर दाराच्या चौकटीला हात लावून उभे. चहा उभ्यानं, पाणी उभ्यानं, गावभरच्या बातम्या उभ्यानं. एक पाय आत, एक पायरीवर. मागे त्यांचा कुत्रा, तोही उभाच. माझ्या सासूबाई शेवटी वैतागायच्या, “अवो भाऊ, तुमी नका बसू, पण त्या मुक्या जनावराले तरी बसू द्या!”

तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल. तो एका जागी ठरत नाही आणि त्याच्याकडे बघून दम आपल्याला लागतो. आमच्या तळेगावात तो मान शेजारच्या भाऊंचा. बाजारात त्यांच्या थोरल्या भावाचं कापडाचं दुकान होतं आणि हे तिथे कापड मोजायला उभे असायचे. असले तर! ब्लाउजपीस अर्धं मोजून झालं की यांना बाहेर वारा सुटल्याचं जाणवायचं. “तार पडली असंन,” म्हणत मोजायची पट्टी गिऱ्हाइकाच्याच हातात द्यायची आणि घराकडे पळायचं. मी स्वतः एकदा माझं उरलेलं कापड माझं मीच मोजून घेतलं आहे. भाऊंचं लग्न झालं नव्हतं. मुलगी बघायला गेले तिथेही बसले नाहीत, असं सासूबाई सांगायच्या. खरं-खोटं देव जाणे.

ती तार म्हणजे भाऊंचा जीव. त्यांच्या घराच्या कौलांपासून समोरच्या कडुनिंबापर्यंत ताणलेली, तांब्याची. तिचं एक टोक खिडकीतून आतल्या खोलीत जायचं. तिथे टेबलावर त्यांनी स्वतः जोडलेला रेडिओ होता, ऐकायचाही आणि बोलायचाही. हॅम रेडिओ म्हणतात त्याला. नागपूरला जाऊन त्यांनी त्याची परीक्षा दिली होती, तारखात्याच्या कट्ट-कडकट्ट भाषेसकट. हा काही धंदा नाही, नोकरी नाही. हवेतून कुणा दूरच्या माणसाला हाक मारायची, तो भेटला की विचारायचं, “माझा आवाज येऊन राह्यला का?” तो म्हणणार येतोय, तुम्हाला माझा येतो का? मला ऐकूनच चीड यायची. एवढा खटाटोप करून शेवटी विचारायचं काय, तर आवाज येतो का!

कुत्र्याचं नाव ठाणेदार. आष्टीच्या बाजारातून भाऊंच्या सायकलमागे धावत आला आणि राहिला. एक कान उभा, एक पडलेला. लायसन्सच्या चौकशीला हवालदार आले तेव्हा मी अंगणातच होते. त्यांनी दारात उभं राहून वही उघडली, तोच आतून भाऊंचा आवाज, “ठाणेदार, नीघ टेबलाखालून! लाज नाई वाटत काय तुले?” हवालदारांनी टोपी सारखी केली आणि अदबीनं आत डोकावले. मग एका उभ्या कानाचे ठाणेदार शेपटी हलवत बाहेर आले. हवालदार पोट धरून हसले म्हणून निभावलं. लायसन्स यायला मात्र पुढे बरेच महिने लागले. तेवढे दिवस भाऊ नुसते ऐकायचे. मशीन तयार, तार तयार, पण बोलायच्या बटणाला बोट लावलं नाही. “आयकाले लायसन्स लागत नाई, बाई. बोलाले लागते.”

बाई म्हणजे मी. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. आवाज मोठा, बोलण्यात कुणाला हार जाणारी नव्हे. तारेवरचे कावळे माझ्या वाळवणावर घाण करायचे, त्यावरून मी भाऊंशी भांडायला उभी राहिले की ते शांतपणे म्हणायचे, “बटण सोडा, बाई.” त्याचा अर्थ त्यांनी मला मशीनपाशी नेऊन दाखवला होता. माइकला एक बटण. दाबलं की आपण बोलायचं, सोडलं की समोरचा बोलणार. “दाबून ठेवलं तं त्याचं काईच आयकू येत नाई. अर्ध्या लोकायचं इथंच चुकते.” मला हे म्हणायचे, हो! त्या दिवशी मी दोन तास कुणाशी बोलले नाही.

जगात एकच खुर्ची होती जिच्यावर ते बसत, त्या टेबलापुढची. आणि एकच वेळ, सकाळचे साडेसहा. त्या वेळी कोकणातून एक मास्तर बोलायचे. आंबे काढताना झाडावरून पडून त्यांचं कमरेखालचं अंग गेलं होतं. खाटेवर पडून असायचे आणि रेडिओ उशाशी. हा पाय न ठरणारा माणूस आणि तो पाय न हलणारा. कधी एकमेकांना पाहिलं नव्हतं. तिकडे पाऊस, इकडे ऊन. तिकडे काय शिजलं, इकडे काय शिजलं. ठाणेदार जेवला का, हे मास्तर रोज विचारत. त्या अर्ध्या तासात भाऊंचा पाय हलायचा नाही, कुत्राही टेबलाखाली मुटकुळं करून निजायचा. शेवटी भाऊ म्हणायचे, “बसत नाई, जातो आता,” आणि खरंच उठायचे.

आता त्रास काय होता ते सांगते. मास्तरांखेरीज इतरांशी भाऊ दिवसात केव्हाही, उभ्यानंच बोलायचे, आणि ते बटण दाबून बोलायला लागले की गल्लीतल्या प्रत्येक टीव्हीवर आडव्या रेघा यायच्या, आणि आमच्या टीव्हीतून तर खुद्द भाऊच बोलायचे. भिंतीला भिंत ना! एका रविवारी मालिकेतल्या देवानं हात वर केला, तोंड उघडलं आणि आवाज आला, “इकडं ढग आले हायेत, कापूस भिजते वाटते, ओव्हर.” सासूबाईंनी हात जोडलेलेच होते, ते तसेच राहिले. आमच्या शेतातला कापूस वेचायचा होता, त्यामुळे त्यांना ते पटलंही. ठाणेदार त्या वेळी आमच्या पडवीत होता. तो धावत आत आला, टीव्हीसमोर थबकला आणि मग टीव्हीच्या मागे जाऊन मालकाला शोधू लागला.

हे सगळं आम्ही हसून सोसलं. पण एका क्रिकेटच्या मॅचला शेवटच्या षटकात सगळ्यांच्या पडद्यावर रेघाच रेघा आल्या. पुन्हा चित्र आलं तेव्हा आपण हरलेलो होतो. जणू भाऊंनीच झेल सोडला! पुरुषमंडळी तणतणत माझ्याकडे आली, कारण माझं अक्षर चांगलं. “बाई, अर्ज लिवा.” मी लिहिला. नुसता लिहिला नाही, रंगवला. ‘सदर इसमाच्या उपद्रवामुळे’ हे शब्द मी मुद्दाम घातले आणि मनात स्वतःवर खूष झाले. अकरा घरांच्या सह्या झाल्या. आधी त्यांनाच दाखवू, नाही ऐकलं तर पोलिसात देऊ, असं ठरलं.

भाऊंनी अर्ज दारात उभ्यानंच वाचला. “अक्षर सुरेख हाय, बाई.” मग खिशातलं पेन काढून शेवटी स्वतःची सही केली. “मी बी याच गल्लीत राह्यतो ना. आजपासून बटण नाई दाबत. शब्द.” टीव्हीच्या तारेला एक वेटोळं बसवलं तर रेघा जातील, असं ते कधीचे सांगत होते, पण आपल्या टीव्हीला हात लावू द्यायला कुणी तयार नव्हतं. त्या दिवशी तो विषयही त्यांनी काढला नाही. मी भांडायच्या तयारीनं गेले होते. सगळी वाक्यं तोंडातच राहिली आणि मी चडफडत घरी आले.

टीव्ही स्वच्छ झाला. भाऊ मात्र बिघडले. पहाटेपासून गल्लीत फेऱ्या. बस स्टँडपर्यंत जायचे, परत यायचे, पुन्हा जायचे. दुकानात तीन मीटरचं कापड अडीच मीटरवर कापलं म्हणून थोरल्या भावानं चारचौघांत झापलं. आमच्याकडे येणं बंद झालं. ठाणेदार तेवढा रोज साडेसहाला आमच्या घरात घुसायचा, टीव्हीमागे नाक खुपसून कुंईकुंई करायचा. आठ-दहा दिवस मी ते पाहिलं. मग डोकं फिरलं आणि कुत्र्याची तक्रार करायला तरातरा त्यांच्या घरी गेले.

रेडिओ चालू होता. खुर्ची रिकामी. भाऊ भिंतीला पाठ लावून, हात मागे बांधून उभे होते. रेडिओतून खरखरीसकट आवाज येत होता, “तळेगाव, तळेगाव, ऐकताय का? आजही नाही? बरं. मी इथेच आहे हो. मला कुठे जायचंय? उद्या परत बघतो.”

“काऊन बोलत नाई तुम्ही?” माझ्या तोंडून माझ्या माहेरची भाषा बाहेर आली.

“शब्द देला ना.”

“अहो, पण ते वाट बघतात!”

“रोज अर्धा घंटा हाका मारतेत,” भाऊ म्हणाले. “त्यायले वाटत असंन, मी मेलो. मले सारं आयकू येते, बाई. तेच वाईट हाय.”

मला माझी लाज वाटली. सांगून टाकते, इतकी लाज मला आजवर कधी वाटलेली नाही. सदर इसम! मी घरी आले, अर्ज घेतला आणि शाळेच्या आधी आणि शाळा सुटल्यावर अकरा घरं पुन्हा चढले. साडेसहा ते सात भाऊंनी बोलायचं, एरवी नाही, आणि प्रत्येकानं आपल्या टीव्हीला वेटोळं बसवू द्यायचं. कुणी कुरकुर केली, कुणी म्हणालं शाळेतल्या बाईंचा काही नेम नाही. पण माझ्या आवाजापुढे किती वेळ टिकणार! संध्याकाळपर्यंत अकराच्या अकरा सह्या खोडून आणल्या. बारावी त्यांची त्यांना खोडायला लावली.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम गेले. भाऊ खुर्चीवर बसले. बटण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. मग म्हणाले, “मास्तर, माझा आवाज येऊन राह्यला का?”

खरखर. मग तिकडून, “अहो, होतात कुठे इतके दिवस?”

“इथंच होतो. आयकून राह्यलो होतो.”

टेबलाखाली ठाणेदारानं मोठा श्वास सोडला आणि मुटकुळं केलं. मी काहीतरी काम आठवल्यासारखं करून बाहेर आले.

भाऊंनी सगळ्या गल्लीच्या टीव्हींना वेटोळी बसवली. आमच्या तेवढी नाही. सासूबाईंनी बसवू दिली नाही. त्यांना सकाळी चहा पिताना भाऊंचं बोलणं ऐकायची सवय लागली होती. पडद्यावर नुसत्या मुंग्या आणि त्यातून भाऊ. ऐकू फक्त भाऊंचंच यायचं, मास्तरांचं नाही, पण मास्तर काय म्हणाले असतील ते सासूबाई मला सांगायच्या. गल्लीत केबल आली, मग घरोघर मोबाइल आले. भाऊ म्हणायचे, “मोबाइलवर बोलाचं तं आधी नंबर पायजे. मी तं कोणालेबी हाक मारतो.” दहा-बारा वर्षं अशी गेली. ठाणेदाराच्या तोंडावर पांढरं आलं. आमचा जुना टीव्ही सासूबाईंनी टाकू दिला नाही.

एका उन्हाळ्यात भाऊ गेले. दुकानात भरदुपारी छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं. थोरल्या भावानं घराची किल्ली माझ्याकडे दिली, कुत्र्याला भाकर घालायला. कुत्रा खोली सोडत नव्हता.

तिसऱ्या सकाळी मी भाकर घेऊन गेले. ठाणेदार रिकाम्या खुर्चीपाशी बसून मशीनकडे बघत होता. घड्याळात साडेसहा. ऐकायला लायसन्स लागत नाही. मी मशीन चालू केलं.

“तळेगाव, तळेगाव, ऐकताय का? आज तिसरा दिवस.”

मी तशीच उभी राहिले, भिंतीला पाठ लावून, भाऊ उभे राहायचे तशी. परत हाक आली. परत आली. ती हाक अशी नुसती ऐकत राहणं काय असतं ते मला तेव्हा कळलं, आणि मी भाऊंना तेच करायला लावलं होतं. बोलायला लायसन्स लागतं, भाऊंनी शंभरदा सांगितलं होतं. मी खुर्चीवर बसले आणि बटण दाबलं.

“मी शेजारची बाई बोलते. अर्ज लिहिणारी. मास्तर, भाऊ गेले. तेरवा दुपारी. त्रास झाला नाही फार.” मग थांबता येईना. कापडाचं दुकान, उन्हाचा तडाखा, कुत्रा जेवत नाही, काय काय सांगत सुटले. रडलेही. पलीकडून एक शब्द येईना. मी घाबरले. “मास्तर? आवाज येतोय का? माझा आवाज येतोय का?” जन्मभर ज्याची टिंगल केली, तोच प्रश्न मी कितीदा विचारला कोण जाणे.

मग माझं लक्ष हाताकडे गेलं. अंगठा पांढरा पडेपर्यंत मी बटण दाबून धरलं होतं.

बटण सोडा, बाई.

सोडलं.

“येतोय,” मास्तर म्हणत होते. “सगळं येतंय, बाई. केव्हाचा सांगतोय मी.” मग त्यांनी विचारलं, “ठाणेदार कुठे आहे?”

मी टेबलाखाली वाकून पाहिलं. तो नव्हता. माझ्या बोलण्याच्या भरात कधी उठून गेला ते मला कळलंच नव्हतं.

“बघते,” एवढंच मी बटण दाबून सांगितलं आणि घरी धावले. सासूबाई टीव्हीसमोर बसल्या होत्या, चहा तसाच हातात. माझं सगळं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. पडद्यावर मुंग्या होत्या, आवाज बंद झालेला होता, आणि टीव्हीच्या मागून एक शेपटी दिसत होती, हळूहळू हलणारी.

“मी सांगून राह्यली त्याले,” डोळ्यांना पदर लावत सासूबाई म्हणाल्या, “का भाऊ नाई तिथं. आयकतच नाई.”