कमरभाईंकडे राहिलेली गोगलगाय

कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या एका वजनकाट्यावर चारुदत्त गद्रे यांनी बावीस वर्षं नोकरी केली. काम असं : ट्रक रिकामा येतो, त्याचं वजन करायचं, माल भरून येतो, पुन्हा करायचं, यातून ते वजा करून पावती फाडायची. दोन ट्रकांच्या मध्ये कधी तीन मिनिटं मिळत, कधी वीस. अशा वेळात माणसं तंबाखू मळतात, पेपर वाचतात, सरकारची खरडपट्टी काढतात. गद्रे प्राणी पकडत.

हा खेळ तळहातावर मावणाऱ्या यंत्रावरचा. गावोगाव हिंडायचं, गवतातून निघणारे चित्रविचित्र प्राणी पकडायचे, त्यांना वाढवायचं, दुसऱ्यांच्या प्राण्यांशी झुंजवायचं आणि गावागणिक एकेका उस्तादाला हरवून बिल्ला मिळवायचा. असे आठ बिल्ले. खेळ लहान मुलांचा आहे असं खोक्यावरच्या चित्रावरून वाटे. पण खोक्यावर वयाची वरची मर्यादा छापलेली नव्हती, आणि गद्रे लेखी नियम मानणारे गृहस्थ होते.

यंत्र आलं २००२ साली, कमरुद्दीनकडून. कमरुद्दीन चौदा वर्षं मस्कतला काढून पनवेलला परतले आणि बाजारात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकून बसले. येताना त्यांनी अशी दोन यंत्रं आणली होती. एक मुलाला, अरबाजला दिलं. दुसरं गद्र्यांनी शार्दूलसाठी घेतलं. शार्दूल तेव्हा दहा वर्षांचा होता. तो तीन महिने खेळला आणि क्रिकेटकडे वळला. वडील वळले नाहीत.

त्यांनी खेळ पुरा केला आणि पुन्हा सुरुवात केली. नव्याने सुरू करायचा तर आधीचं सगळं पुसावं लागतं. गद्र्यांनी ते सहा वेळा पुसलं.

"पहिल्या वेळेला काय राहिलं होतं?" पत्नी कुमुदताईंनी एकदा विचारलं.

"काही नाही."

"मग?"

"तू दर दिवाळीला चकल्या करतेस. आदल्या वर्षी काय राहिलं होतं?"

त्या वर्षी कुमुदताईंनी चकल्या केल्या नाहीत. गद्र्यांनी खेळ मात्र सोडला नाही.

सातव्या खेपेला त्यांनी काहीच पुसलं नाही, कारण या खेपेला प्राण्यांना नावं दिली होती. नावं काट्यावर येणाऱ्या ड्रायव्हरांची. जगन म्हणजे एक चिडका पक्षी, उदयसिंह हा शिंगवाला बैल. पाठीवर अर्धाच शंख असलेली एक गोगलगाय होती, तिचं नाव तुळशीराम. मूळचा तुळशीराम जालन्याकडचा, ट्रेलर चालवायचा. गाडी काट्यावर लावली की आकडा स्थिर व्हायच्या आत तो स्टिअरिंगवर डोकं ठेवून झोपून जाई. २००६ नंतर तो आला नाही. ड्रायव्हर यायचा थांबला तर बाजारात कोणी चौकशी करत नाही; त्या गाडीवर दुसरा येतो. गद्र्यांनीही चौकशी केली नव्हती. त्यांनी गोगलगाय पाळली.

खेळात एक यादी असते. त्यात दोनशे चाळीस प्राणी. गद्र्यांचे दोनशे एकोणचाळीस भरले होते. उरलेला एक म्हणजे पूर्ण शंख आलेली गोगलगाय. तो शंख लढून येत नाही, खाऊ घालून येत नाही. ती दुसऱ्या खेळाडूकडे पाठवावी लागते. दोन यंत्रं वायरने जोडायची, आपला प्राणी त्याच्याकडे, त्याचा आपल्याकडे. तिकडे पोचताक्षणी शंख पुरा होतो. मग परत मागून घ्यायची. मुलांनी एकमेकांत मिसळावं म्हणून कोण्या भल्या माणसाने ही सोय केली असावी. गद्रे आठ वर्षं कोणात मिसळले नव्हते.

२०१०च्या दिवाळीत शार्दूलने पुण्याहून त्याच खेळाची नवी आवृत्ती आणली. गावं तीच, उस्ताद तेच, पण सगळं रंगीत, आणि प्राणी कुत्र्यासारखा मागोमाग चालतो. गद्र्यांनी दोन महिन्यांत ती संपवली.

"कशी वाटली, बाबा?" शार्दूलने फोनवर विचारलं.

"छान आहे. गावी जावं आणि आपल्या घराच्या जागी चार मजले उभे असावेत, तसं वाटलं. लिफ्टसुद्धा आहे."

"पण जुने प्राणी यात आणता येत नाहीत ना?"

"नाही. तेवढं विसरले."

ते पुन्हा जुन्याकडे आले तर तिथलं घड्याळ बिघडलेलं. या खेळाला स्वतःचं घड्याळ असतं, त्यात दिवस मावळतो, उगवतो. आता तिथे कायम सकाळचे दहा वाजलेले. गद्रे यंत्र घेऊन कमरुद्दीनच्या दुकानात गेले.

कमरुद्दीननी यंत्रातून खेळाची डबी काढून उघडली. आत शर्टाच्या बटणाएवढी बॅटरी होती.

"चारुभाऊ, ही मरायला टेकलीये. तुमची सगळी जमवाजमव हिच्या जिवावर आहे."

"मग बदला की."

"काढली की आतलं पुसलं. नाही काढली तर ती स्वतःच पुसणार. वेगळा करंट चालू ठेवून बदलतात म्हणे, पण माझा हात आता तेवढा स्थिर नाही. खोटं कशाला सांगू?"

"किती दिवस?"

"अल्लाह जाने. महिना धरा. आठवडा पण धरा."

गद्र्यांनी थोडा वेळ काउंटरवरचे स्क्रू आकारांप्रमाणे लावले. मग म्हणाले, "कमरभाई, अरबाजचं यंत्र कुठे आहे?"

अरबाज आता दोहाला होता आणि त्याचं यंत्र माळ्यावर. त्यातलं आधीच पुसलं गेलेलं, म्हणून कमरुद्दीननी त्यात बेधडक नवी बॅटरी घातली. वायरही सापडली. पण देवाणघेवाण करायची तर खेळ थोडा पुढे न्यावा लागतो, चार-पाच तासांचं काम. ते कमरुद्दीननी अंगावर घेतलं, आणि दुपारी गिऱ्हाईक नसताना काट्यावर फोन येऊ लागले.

"चारुभाऊ, एक माणूस वाट अडवून उभा आहे. त्याला काय पाहिजे?"

"बोलून बघा त्याच्याशी."

"दोनदा बोललो. दोन्ही वेळा तेच उत्तर. मला वाटतं, हा आधी कुठल्यातरी सरकारी ऑफिसात होता."

रविवारी सकाळी गद्रे दुकानात जायला निघाले, तेव्हा कुमुदताईंनी स्टीलच्या डब्यात नारळाच्या वड्या भरून दिल्या. "कमरभाईंच्या घरी, ताहिराभाभींना द्या. रिकाम्या हाताने कुठे चाललात?" ते गद्र्यांच्या मनात राहिलं असावं. दुकानात वायर जोडण्याआधी त्यांनी गोगलगाईला एक फळ धरायला दिलं. या खेळात प्राण्याला एखादी वस्तू धरता येते.

तुळशीराम वायरीतून गेला. बदल्यात कमरुद्दीनचा उंदीर आला. कमरुद्दीनच्या पडद्यावर पांढरा उजेड झाला आणि अर्ध्या शंखाच्या जागी पुरा, गडाच्या बुरुजासारखा शंख उभा राहिला. पन्नाशी उलटलेले दोन गृहस्थ काउंटरवर वाकून तो बघत राहिले.

"माशाल्लाह," कमरुद्दीन म्हणाले.

"हं. आता द्या परत. माझ्याकडे आला की यादीत नोंद होईल."

"आत्ता?"

"आत्ता."

"असाच?"

"असाच म्हणजे?"

कमरुद्दीननी चष्मा काढला. "चारुभाऊ, पोरगं तुमच्या घरून फळ घेऊन आलं. मी त्याला हात हलवत माघारी धाडू? वहिनींचा डबा तरी आज परत देणार आहे का मी?"

दोन घरांत आठ वर्षं डबे जात-येत होते. वड्यांचा डबा आठवड्याने शीरखुर्मा घेऊन येई. शीरखुर्म्याचा, पुरणपोळ्या घेऊन जाई. आलेला डबा कोणी दारातच रिकामा करून परत दिला नव्हता. तसं करणं म्हणजे, तुमचं आमच्याकडे काही राहायला नको, असं तोंडावर सांगणं.

"बॅटरीचं तेवढं…" गद्रे म्हणाले.

"आठ वर्षं चालली, चार दिवस नाही चालणार?"

आणि किलोच्या फरकासाठी ट्रक पुन्हा काट्यावर घ्यायला लावणारे चारुदत्त गद्रे म्हणाले, "चालेल."

कमरुद्दीनना परत पाठवताना मोती द्यायचा होता. त्या खेळात तो गळ टाकून मिळतो, क्वचित. ते रोज दुकानात बसून गळ टाकू लागले. त्यांच्या आजोबांनी उरणला खऱ्या समुद्रात टाकला नसेल इतका टाकला.

"आज काय मिळालं?" गद्रे फोनवर विचारत.

"बूट. काल पण बूट. जोडी जमली. आणि तुमचा तुळशीराम माझं अजिबात ऐकत नाही. लढ म्हटलं की झोपतो."

"दुसऱ्याकडून आलेला प्राणी ऐकत नाही. पुरेसे बिल्ले असावे लागतात."

"मला वाटलं, तुम्ही लाडावून ठेवलाय."

"ते पण आहे."

चार दिवसांचे अकरा झाले. गद्रे रोज यंत्र उघडून बघत, सगळं जागेवर असे, यंत्र बंद करत. लवकर पाठवा म्हणायला तोंड उघडत नव्हतं. घरी आलेला डबा कधी परत देता, असं कोणी विचारतं का?

बाराव्या दिवशी दुपारी त्यांनी केबिनमध्ये यंत्र लावलं. नेहमी दोन ओळी येत : खेळ पुढे चालू करा, नवा खेळ सुरू करा. आज एकच ओळ आली. त्यांनी बंद करून पुन्हा लावलं. एकच ओळ. जगन, उदयसिंह, कमरुद्दीनचा उंदीर, दोनशे एकोणचाळीस खुणा, कुठेच काही नव्हतं. बाहेर सळयांचा ट्रक काट्यावर चढला. गद्र्यांनी वजन घेतलं, पावती दिली. बावीस वर्षांत पहिल्यांदाच ड्रायव्हर पावती घेऊन माघारी आला. वजाबाकी चुकली होती.

दोन दिवस ते कोणाला बोलले नाहीत. कुमुदताईंनी, यंत्र कपाटात कसं काय, म्हणून विचारलं. "राहू दे," ते म्हणाले. रविवारी सकाळी कमरुद्दीनचा फोन आला. "मिळाला मोती. वायर घेऊन या."

गद्रे वायर न घेता गेले. काउंटरवर शीरखुर्म्याने भरलेला कुमुदताईंचा डबा होता, शेजारी यंत्र. गद्र्यांनी एका वाक्यात सांगितलं.

कमरुद्दीननी दुकानातला रेडिओ बंद केला.

"माझ्यामुळे झालं," कमरुद्दीन म्हणाले.

गद्रे शिष्टाचारापुरतं "छे हो" म्हणणार होते, पण ते खरं नव्हतं आणि त्यांना खोटं पटकन सुचत नसे. त्यांनी नुसतं यंत्र उचललं. तुळशीरामचं पान उघडलं. पुरा शंख, हातात मोती, आणि खाली एक बारीक ओळ : मूळ मालक, चारु.

"कमरभाई," ते म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही हा लगेच दिला असतात, तर यादी पुरी झाली असती."

"कबूल."

"आणि परवा बाकीच्यांबरोबर हाही गेला असता."

कमरुद्दीननी जरा विचार केला. "म्हणजे मी चुकलो की नाही?"

"दोन्ही वजनं घेतो आणि सांगतो."

कमरुद्दीननी तिथल्या तिथे गद्र्यांच्या डबीत नवी बॅटरी बसवली. हात थोडा कापला, पण आता जपण्यासारखं आत काही नव्हतं. त्याच संध्याकाळी गद्र्यांनी आठव्यांदा सुरुवात केली. वाटा पाठ होत्या. तीन दिवसांत ते देवाणघेवाणीपाशी पोचले. दोन यंत्रं जोडली आणि तुळशीराम मोती घेऊन घरी आला. यादीत दोनशे चाळीसपैकी पाच खुणा होत्या. त्यातली एक आठ वर्षांत कधी भरली नव्हती ती.

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये त्यांनी तुळशीरामला पहिल्यांदा लढायला उतरवलं. हुकूम दिला. तुळशीराम झोपला. पुन्हा दिला. पुन्हा झोपला. नवा खेळ म्हणजे नवा मालक. नाव तेच टाकलं तरी आतला क्रमांक बदलतो. तुळशीरामच्या लेखी हे गद्रे कोणी वेगळेच होते.

कमरुद्दीनचा फोन आला. "ऐकतो का?"

"नाही. ओळखत नाही."

"काय सांगता? तुम्हाला?"

"आठ बिल्ले मिळवले की ऐकेल."

"म्हणजे सगळं पहिल्यापासून?"

"मला काय नवीन आहे?"

त्यांनी फोन ठेवला. पडद्यावर शंख हलके हलके वरखाली होत होता. पुढची चाल करायला यंत्र थांबलं होतं. गाडी लावून झोपलेल्या त्या जालन्याच्या ड्रायव्हरला गद्र्यांनी कधी हाक मारून उठवलं नव्हतं. मागची गाडी हॉर्न देईपर्यंत ते पावती धरून उभे राहत. आत्ता मागे गाडी नव्हती. त्यांनी बटणावरचा अंगठा काढून घेतला.