टाकी धुऊन होईपर्यंत

मावसभावाला बार्शीटाकळीत अकरा वाजता मुलगी पाहायला जायचं होतं आणि माझ्या मोटारसायकलची टाकी बुडाशी चीर पडून गळत होती. आधीचं एक स्थळ त्याच्या उशिरा पोचण्यामुळेच हुकलेलं. म्हणून तो सकाळी नऊलाच अकोल्यात माझ्या दारात हजर होता.

टाकी मी आदल्या दिवशीच रिकामी केली होती. झाकण काढून दिवसभर उन्हात ठेवली, नाक लावून पाहिलं. वास नव्हता. जठारपेठेत पितळी डाख देणाऱ्या चाचांना हे सगळं मी थोड्या अभिमानानंच सांगितलं.

"तुमी नाक लावलं, साहेब. मले आग लावाची आहे," असं म्हणून ते बादली आणायला गेले.

साबणाची पावडर आणि गरम पाणी घालून त्यांनी टाकी तीनदा खळखळवली.

"चाचा, नवरदेवाची आंघोळ पाच मिनिटांत झाली. हिले काहून इतका वेळ?" मावसभाऊ म्हणाला.

"नवरदेव पेटत नाई न बेटा."

मग टाकी उलटी करून तोंड घट्ट बंद केलं. पेट्रोलचा कॉक काढल्यामुळे मोकळ्या झालेल्या भोकातून चिरेच्या जरा खालपर्यंत पाणी भरलं. ते भोक उघडंच ठेवलं, वाफेला वाट हवी म्हणून. आम्हाला भिंतीआड पाठवलं, चष्मा चढवला आणि स्वतःचा चेहरा बाजूला करून ज्योत जवळ नेली.

फुप. भोकातून वीतभर निळी ज्वाळा आली आणि विझली.

"पाणी नसतं तं?" मावसभावानं विचारलं.

"तं तुमी आता मले शोधून राहिले असते."

डाख बसला तेव्हा साडेदहा वाजले होते. टाकीला हात लावून मावसभावानं स्वतःच मध्यस्थाला फोन लावला. "काका, आमाले उशीर होते. टाकी गरम आहे, पेट्रोल टाकता येत नाई. नाई, वाळवाची बी आहे."

आम्ही साडेबाराला पोचलो. पोहे दोनदा गरम झाले होते. मुलीच्या वडिलांनी उशिराचं कारण विचारलं. मावसभावानं साबणापासून सुरुवात केली आणि ज्वाळेपर्यंत आला, तेव्हा मुलगीच मध्ये बोलली.

"मंग त्या चाचाले काई झालं तं नाई न?"

होकार चौथ्या दिवशी आला.