शाकाहारी खिम्याचा पंचनामा

नोकरीतली बरीच प्रकरणं आता पुसट झाली आहेत. फुलंब्रीचं हे एक मात्र तसंच डोळ्यांपुढं उभं राहतं.

भर दुपारी दवाखान्यातून पोलीस ठाण्यात निरोप आला. साखरपुड्याच्या पंगतीत एकवीस वर्षांची मुलगी कोसळली होती. ओठ सुजलेले, श्वास घेता येईना; तिला तातडीनं छत्रपती संभाजीनगरला हलवलं होतं. जेवणात शाकाहारी खिमा होता. वाटाण्याच्या प्रथिनांचा, मटणासारखा लागणारा हा पदार्थ आमच्या भागात नवाच आला होता.

मी पंचनामा केला, उरलेली पाकिटं अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांकडं सोपवली आणि आचाऱ्याला ठाण्यात आणून बसवलं. दाराशी वार्ताहर उभे होते. "नव्या पदार्थावर संशय आहे," एवढंच मी बोललो. संध्याकाळी गावातल्या प्रत्येक मोबाइलवर 'कारखान्यातलं विषारी मटण' फिरत होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, "ही विषबाधा नाही, ॲलर्जी आहे." मुलीची आई म्हणाली, "तिला लहानपणापासून शेंगदाणा चालत नाय. मी आचाऱ्याला दहादा बजावलं होतं."

आचारी माझ्यापुढं हात जोडून बसला. "साहेब, दाण्याचा कूट घरात येऊ दिला नाय. तेलबी सोयाबीनचं आणलं. साठ माणसं जेवली, बाकी समदी धडधाकट हायेत."

त्याचं बोलणं खरं वाटत होतं. शिवाय इतकी वर्षं समोर माणसं बसवल्यावर एक कळतं: खोटं बोलणारा स्वतःबद्दल बोलतो. हा सारखा मुलीचीच तब्येत विचारत होता. मी त्याला घरी पाठवलं.

तिसऱ्या दिवशी ठाण्यात फोन आला. खिमा बनवणाऱ्या कारखान्यातली एक कामगार बाई बोलत होती. "साहब, माझं नाव लिहू नका. मागल्या हप्त्यात आमच्याकडं दाणे भाजले. लई भाजले. पाकिटावर ते कुठंच नाय."

कारखानदाराला बोलावलं. चाळिशीचा, नीटनेटका माणूस. परवान्याची फाईल घेऊनच आला. बाईचा विषय मी काढलाच नाही. फक्त कच्च्या मालाचं रजिस्टर मागितलं आणि पानं उलटत राहिलो.

"चार दिवस वाटाण्याची पावडर आलीच नाही. तरी रोज माल निघालाय. कशाचा?"

त्यानं परवान्याची फाईल मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाला, "ऑर्डर तुंबल्या होत्या. दाण्याचं पीठ मिसळलं. आपण रोज खातो साहेब, दाण्यानं कुणाला काय होतंय, असं वाटलं."

प्रयोगशाळेच्या अहवालानं तेच सिद्ध झालं. दोषारोपपत्र दाखल झालं. सगळा तालुका नव्या पदार्थाला भ्यायला होता आणि घात केला होता घरोघरी डब्यात असणाऱ्या शेंगदाण्यानं.

पण तोवर हॉटेलवाल्यांनी असला सगळाच माल बंद केला होता. असाच खिमा बनवणारी शहरातली एक तरुण उद्योजिका मला भेटायला आली. पाकिटावर प्रत्येक घटक लिहिणारी, प्रत्येक खेप तपासून घेणारी. "माझी पाकिटं तपासा आणि तसं लोकांना सांगा," म्हणाली. पाकिटं तपासली गेली, निर्दोष निघाली. मी वार्ताहरांना बोलावून सांगितलं. आतल्या पानावर चार ओळी आल्या. दोन महिन्यांत तिनं काम बंद केलं. ते पहिल्या दिवशी दाराशी बोललेल्या माझ्या त्या एका वाक्याचं फळ होतं, असं मी आजही मानतो. त्यानंतर तपास पुरा होईपर्यंत 'तपास सुरू आहे' यापलीकडं एक शब्द मी वार्ताहरांशी बोललो नाही.

मुलगी वाचली. तिचा जबाब घ्यायला मी स्वतः गेलो. आवाज अजून बसलेला होता. शेवटी विचारलं, "आता पुन्हा असलं काही नवं खाशील का?"

"खाईन की," ती म्हणाली. "त्यात काय आहे ते मला खरं सांगा. खायचं का नाय, ते मी ठरवीन."

जबाबात हे लिहायची गरज नव्हती. तरी मी लिहून घेतलं आणि खाली तिची सही घेतली.