आईची सावड

तुमच्या घरात जी बाई दिवसभर उभी असते, तिचे दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून तुम्ही कधी नीट पाहिलेत का?

आमच्या घरात पत्रकं अशीच सुरू व्हायची. वडील पिरंगुटच्या एका कारखान्यात होते आणि तिथल्या कामगारांची पत्रकं तेच लिहायचे. वर एक प्रश्न, शेवटी एक विनंती, मधल्या जागेत काय ते भांडण. मी वाचायला शिकले तीच मुळी त्या पत्रकांवर. ओटीवर बसून घड्या घालताना बोटं निळी व्हायची आणि भाकरीला हात लावण्याआधी आई माझी बोटं राखेनं घासून घ्यायची. म्हणून ही गोष्टही मी पत्रकासारखीच सांगते आहे. दुसरी रीत मला येत नाही.

त्याच ओटीवरची दुसरी आठवण आवणीच्या दिवसांतली. भाताच्या लावणीला आमच्याकडे आवणी म्हणतात आणि ती सावडीनं होते. आज सगळ्या बायका माझ्या खाचरात, उद्या सगळ्या तुझ्या. मजुरी नाही, दिवसाची फेड दिवसानं. संध्याकाळी जिच्या घरची आवणी, तिच्या ओटीवर सगळ्या टेकायच्या. गरम पाण्यानं पाय धुवायच्या, बोटांच्या बेचक्यात चिखल्या झालेल्या असायच्या त्यांना करंजाचं तेल लावायच्या आणि मग जिच्या पोटऱ्या जास्त भरून आल्या असतील, तिचे पाय दोघीजणी मिळून चोळायच्या. कुणाचा नवरा कसा घोरतो, कुणाच्या सासूनं कुठलं लोणचं लपवलं, सगळं तेव्हा बाहेर यायचं. करंजेलाचा तो कडवट वास मला अजून आवडतो. वडिलांच्या पत्रकात एकजूट हा शब्द आला की मला तो वास यायचा.

आईचा डावा पाय पहिल्यांदा सुजला तो अशाच एका आवणीत. मी तेव्हा कॉलेजात होते. मांडीपर्यंत पाय गरम आणि टणक झाला होता. चिखलात उभं राहून भरला असेल असं सगळ्यांना वाटलं, आणि सगळ्यांनी तो मायेनं चोळला. रोज चोळला. तरी सूज उतरेना, तेव्हा वडील तिला पुण्याला घेऊन गेले. सोनोग्राफीत कळलं की आतल्या शिरेत रक्ताची गुठळी झाली आहे. पाय चोळला का, हे डॉक्टरांनी आधी विचारलं. गुठळी सुटून फुप्फुसात गेली असती तर बाई हातची गेली असती, असं ते म्हणाले. घरी परतताना आईनं आम्हाला बजावलं, हे गावात बोलायचं नाही. त्या बिचाऱ्यांच्या जिवाला लागेल.

रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू झाल्या. पुढे डॉक्टरांनीच त्या थांबवल्या. मग एका लग्नाहून बसनं परत येताना पुन्हा तेच, आणि यंदा उन्हाळ्यात तिसऱ्यांदा. घोट्याजवळची कातडी काळपट पडली. संध्याकाळी पाय इतका जड व्हायचा की ती तो हातानं उचलून पलंगावर ठेवायची. या वेळी शिरांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी चित्र काढून दाखवलं. ओटीपोटात डाव्या पायाची शीर एका धमनीखाली दबली होती, त्यामुळे रक्त वर जायला वाटच अपुरी होती. गुडघ्यामागून बारीक नळी घालून तिथं जाळी बसवता येईल, शीर उघडी राहील. पण खात्री शंभर टक्के नाही. जाळीही तुंबू शकते, गोळ्या चालूच राहतील. नाही केलं तर गोळ्या आणि घट्ट मोजे यांच्यावर दिवस काढता येतील, पण पाय असाच राहील, कदाचित घोट्याला जखम होईल. ठरवायचं तुम्ही, मात्र लांबवू नका, आणि तोवर चिखलात उभं राहायचं नाही.

ठरवायचं आईनं होतं, आणि तिनं ठरवलं की आवणी होऊ दे, मग बघू.

कारण आमची रोपं सगळ्यांच्या आधी तयार झाली होती. सावड आमच्या खाचरात येऊन गेली होती, आणि आई त्या दिवशी मोजा चढवून बांधावर बसून राहिली होती. आता बाकीच्या घरांची फेड तिच्या अंगावर होती. पूर्वी बायकांची ओळ खाचराच्या या बांधापासून त्या बांधापर्यंत असायची. आता समोरच्या अर्ध्या खाचरांना बिल्डरचं तारेचं कुंपण आहे आणि ओळीत मोजक्याच बायका उरल्या आहेत. एक कमी झाली तर आवणी दुसऱ्या दिवसावर जाते.

मी एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "तुझी शीर मोठी की त्यांचं खाचर?" खाली माझी कारणं लिहिली आणि कागद चुलीजवळ चिकटवला. आईनं वाचला आणि त्याच कागदानं गरम पातेलं उतरवलं. वडील म्हणाले, मागणी रास्त आहे, पण पत्रक एकतर्फी आहे.

दुसऱ्या दिवशी आईनं थोरल्या काकूंना बोलावलं. या गावच्या नात्यानं काकू. ओळीत सगळ्यात पुढं त्याच असतात. माझ्याऐवजी पोरगी चालेल का, असं आईनं त्यांना विचारलं. काकूंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"ही? ही रोप लावायच्या आधी त्याची परवानगी मागंल. अर्धी सावड धरीन हिची."

"आमच्या घरची सावड आजवर कुनी अर्धी धरली न्हाई, आक्का."

"मग तूच ये की. पाय भरला तर सांच्याला चोळून दिऊ. आजवर दिला न्हाई का?"

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली आणि मग एवढी वर्षं जे बोलली नव्हती ते बोलली.

"चोळायचा न्हवता, आक्का. त्या साली चोळला तवाच मी मेले असते. डाक्टरनी सांगितलं हाय."

काकू स्वतःच्या तळहातांकडे बघत बसल्या. "आन् तू गप ऱ्हायलीस व्हय?" एवढंच त्यांनी विचारलं.

"काय सांगू? तुमी मायेनं केलं."

त्या उठल्या. उंबऱ्यात थांबून आईला म्हणाल्या, "पुरी धरते हिची सावड. तू दवाखान्यात जा." मग माझ्याकडे वळल्या. "पर मागं ऱ्हायलीस तर वळ थांबायची न्हाई, सांगून ठिवते."

त्याच संध्याकाळी आईनं डॉक्टरांना होकार कळवायला सांगितलं. माझ्या पत्रकामुळे नाही, हे तिनं स्पष्ट केलं. तिला पुन्हा ओळीत उभं राहायचं होतं.

ज्या दिवशी तिला आत नेलं, त्या दिवशी मी काकूंच्या खाचरात होते. फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून बांधावरच्या दगडावर ठेवला होता. कंबर धरली, ओळ पुढं गेली, मी मागं राहिले, आणि सांगितल्याप्रमाणे कुणी थांबलं नाही. दुपारी दवाखान्यातून वडिलांचा फोन आला तेव्हा मात्र सगळ्या थांबल्या. जाळी बसली होती. आई शुद्धीवर होती आणि मी किती मागं आहे ते विचारत होती.

आता तिचा पाय संध्याकाळीही हलका असतो. गोळ्या आणि मोजा आहेतच. पुढच्या आवणीचं बघू, असं डॉक्टर म्हणतात. आई ते होकारासारखं ऐकते.

त्या आवणीच्या संध्याकाळी काकूंच्या ओटीवर करंजेलाची वाटी आली. मी पाय पुढे केले तशी काकूंनी वाटी बाजूला सारली. आधी माझे दोन्ही पाय जुळवून ठेवले, वाकून पाहिले, नडगीवर अंगठा दाबून खड्डा राहतो का बघितलं, हाताच्या पाठीनं ऊब तपासली. मगच तेलाला हात लावला. नंतर ओळीतल्या प्रत्येकीचे पाय तसेच पाहिले गेले. तेलाचा वास तोच होता.

माझी विनंती एवढीच आहे. आज दिवस मावळायच्या आत तुमच्या घरातल्या बाईला बसवा आणि तिचे दोन्ही पाय जुळवून बघा. एक पाय दुसऱ्याहून सुजलेला, गरम, दुखरा दिसला तर तेल ठेवून द्या, चोळू नका, आणि तिला लगेच डॉक्टरकडे न्या. तिचं काम कुणी करायचं असं ती विचारेल. तिच्या जागी तुम्ही उभे राहा.