जुन्या गाडीचं गिऱ्हाईक

आता तुमच्यापासून काय लपवू? आयुष्यात म्या लय येडेपने केले, पन चिखलीच्या त्या शोरूममधी जे केलं न, ते आठवलं की आजबी अंगावर काटा येते. चहा घ्या, पन घोट गिळल्यावर ऐका. ठसका लागला तर माह्यावर बोल नको!

आमची भाजीची गाडी, जुनी पिकअप. उंद्रीहून पहाटे कोबी, वांगे, सांभाराच्या जुड्या भरून बाजारात न्यायची. नऊ वर्षं चालवली. इंजिन ठनठनीत, एकदाबी खोललं नाही. फक्त मागचा फालका तेवढा सडला व्हता.

नवी गाडी घ्यायचं ठरलं. शोरूमवाले म्हने, जुनी आमच्याकडं जमा करा, तिचे पैसे नव्या गाडीतून कमी करू. किंमत लावनारे एक चष्मेवाले साहेब व्हते. त्यायनं गाडीभोवती एक चक्कर मारली अन् म्हने, "एक लाख चाळीस."

एक लाख चाळीस! अहो, लग्नातल्या घोड्याचं भाडंबी मानूस याच्याहून इज्जतीनं सांगते!

घरी सुमन, म्हंजे आमची मंडळी, अजूनच गरम. "दोन लाखाच्या खाली चाबी द्याची नाही! बचत गटातून मी उचलले तेवढे उचलले. आता माह्याकडं पाहू नका."

म्हंजे साठ हजाराचा खड्डा! मी डोकं धरून बसलो. तेवढ्यात माहा साळा गजानन आला.

"भाऊजी, काऊन टेन्शन घेऊन राह्यले? शोरूमवाल्याले दुसरं गिऱ्हाईक दिसलं की तो आपोआप चढते. देऊळगाव राजाचा माहा दोस्त आहे, सुधाकर. तुमी त्याले वळखत नाही, तो तुमाले वळखत नाही. उद्या बारा वाजता तो शोरूमवर येईन, गाडीचे दोन लाख बोलीन. तुमी नाही म्हना. बस!"

"अन् मी त्याले वळखू कसा?"

"पांढरा शर्ट, गळ्यात दुपट्टा."

आता तुमीच सांगा, आपल्या भागात पांढरा शर्ट अन् गळ्यात दुपट्टा नसलेला मानूस आहे कोनी? पन तवा माह्या डोक्यात उजेड पडला का? नाही!

दुसऱ्या दिवशी साडेअकरालेच शोरूमवर गेलो, गाडी आवारात लावली. पाचच मिनिटात एक मानूस तिच्याभोवती फिरायले लागला. पांढरा शर्ट, गळ्यात दुपट्टा, काखेत पिशवी. त्यानं बोनट उघडायले लावलं, इंजिनाचा आवाज कान लावून ऐकला. मंग सरळ जमिनीवर आडवा झाला अन् खालून स्प्रिंगचे पाटे पाह्यले!

म्या मनात म्हटलं, वा रे गड्या! नाटक करावं तर असं!

"गाडी तुमची का हो? इकता का?"

"पाहू. किती देता?"

"एक लाख नव्वद."

चष्मेवाले साहेब बाजूलेच उभे. त्यायचे कान टवकारले. "काका, घाई करू नका. मी वर विचारून एक सत्तरपर्यंत पाहतो."

पाह्यलं? एका वाक्यात तीस हजार! मले तर वाटलं गजाननच्या पाया पडावं.

तो मानूस म्हने, "दोन लाख. रोख. आत्ताच."

म्या छाती फुगवली. "दोन लाखात? भाऊ, लेकरावानी वाढवली म्या ही गाडी!"

"बरं, दोन दहा! भाऊ, नाही म्हनू नका. माहे टमाटे तोडून पडले आहे, भाड्याची गाडी भेटून नाही राह्यली." अन् सांगतो तुमाले, त्याच्या डोळ्यात पानी!

मी गार! म्हटलं, हा मानूस देऊळगाव राजात काय करून राह्यला? याले तर स्टेजवर पाह्यजे!

पन चष्मेवाल्या साहेबांनी हात जोडले. "काका, दोन दहा आम्हाला नाही जमणार. यांनाच देऊन टाका गाडी. नव्या गाडीचे पैसे आमच्याकडे रोख भरा."

यालेच देऊन टाका? याच्या पिशवीत असन रिकामा डबा! म्या त्याले दंडाले धरून गाडीमागं ओढलं.

"बस झालं बे! किती चढवतं? शोरूमवाला एक सत्तरवर आला व्हता, तुह्यानं हातचा गेला. आता निघ इथून. गजाननकडून पाचशे घेऊन घेजो."

"कोन गजानन?"

"वा! अजूनबी नाटक!" म्या डोळा मारला, पाठीवर थाप देल्ली.

तो दोन पावलं मागं सरला. पिशवी छातीशी धरली, पिसाळलेल्या कुत्र्याकडं पाह्यते तसं माह्याकडं पाह्यलं, अन् मोटरसायकलवर बसून गेला निघून.

मी ऐटीत आत गेलो. "साहेब, त्याले म्या वाटेले लावलं. गाडी शोरूमलेच द्याची. मंग, एक ऐंशी करता का?"

साहेब काही बोलनार, तेवढ्यात दारातून एक मानूस आला. पांढरा शर्ट, गळ्यात दुपट्टा, तोंडात तंबाखूचा खर्रा. शोरूमच्या मधोमध उभा राहून शाळेतली कविता म्हनावी तसा वरडला, "इथं उंद्रीवाल्याची जुनी गाडी आहे म्हने! मी दोन लाख देतो!"

अन् त्यानं हात कशावर ठेवला? काचेच्या आत उभ्या असलेल्या कोऱ्या करकरीत नव्या गाडीवर!

माह्या तोंडून निंघून गेलं, "तुमी... सुधाकर?"

"हाव! बस उशिरा भेटली, भाऊजी!"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "काका, आमचा भाव एक चाळीसच."

मी गाडी काढली अन् सुसाट निंघालो. तो पहिला मानूस बसस्टँडजवळच्या टपरीवर चहा पिऊन राह्यला व्हता. मी त्याच्यापुढं हात जोडून उभा राह्यलो. गजानन, सुधाकर, समदं खरं खरं सांगून टाकलं. म्हटलं, दोन दहा नको, दोनच द्या.

त्यानं शांतपने ऐकून घेतलं. "म्हंजे तुमी खोटं गिऱ्हाईक उभं केलं व्हतं?"

"हाव, पन गाडी खरी आहे, भाऊ!"

"जो मानूस गिऱ्हाईक खोटं आनते," तो म्हने, "त्यानं गाडीचं मीटर काऊन खरं ठेवलं असन?"

नऊ वर्षांत त्या मीटरले म्या कधी हात लावला नाही. माह्या लेकरायची शपथ घेतली. तो उठला, चहाचे पैसे देल्ले अन् गेला.

गाडी शेवटी एक चाळीसलेच गेली. सही करून बाहीर आलो तर पायरीवर सुधाकर बसेल. "भाऊजी, सकाळपासून उपाशी आहो." काय करता? खानावळीत नेलं. दोन ताटं जेवला पठ्ठ्या, वरून ताक.

घरी आलो. सुमननं दारातच धरलं. "काऊन हो, दोन लाख देनारं एकबी गिऱ्हाईक आलं नाही?"

"आले न. दोन आले."

"मंग?"

"खऱ्याले म्या हाकललं, अन् खोट्याले जेवू घातलं."