एका शिलिंगचा अंक

सुधाकाकूंचा फोन आला तेव्हा मी ऑफिसला निघाले होते. "अगं, काका सकाळी गेले... झोपेतच," एवढंच त्या म्हणाल्या. मी गाडी कडेला घेतली आणि पाइनच्या झाडांत विरघळणारं धुकं कितीतरी वेळ बघत राहिले.

अरुणकाका इथले, अमेरिकेतल्या कॅरी गावातले आमचे शेजारी. बालपण इंग्लंडात लेस्टरला गेलेलं, पुढे नोकरीसाठी इकडे आलेले. त्यांच्या वरच्या खोलीत जुनी कॉमिक्स होती; अमेरिकेत छापलेली, पण इंग्लंडात विकायची म्हणून कोपऱ्यात सेंटऐवजी पेन्समध्ये किंमत. एकावर '10d' बघून मी गोंधळले, तर काका खुलले. "डी म्हणजे पेनी. जुन्या रोमन नाण्याच्या नावातलं पहिलं अक्षर ते. अशा बारा पेन्सचा एक शिलिंग. तो लिहायचा एक, मग तिरकी रेघ, मग आडवी. आडवी म्हणजे वर पेन्स काही नाहीत." ते सांगत राहायचे आणि दुपार कशी सरायची, कळायचंच नाही.

"मग शिलिंगवालं दाखवा ना, काका."

"ते नाही माझ्याकडे." ते खिडकीबाहेर बघू लागले... "दहा पेन्स होते तोवर दादा वाचून दाखवायचा मला. प्रत्येकाचा आवाज वेगळा काढून. एक गोष्ट अर्ध्यावर थांबली, पुढचा भाग पुढच्या अंकात. त्या अंकापासून किंमत शिलिंग झाली. तोवर दादा तापानं गेला होता. पुढे काय झालं, मी कधी वाचलंच नाही."

मी तो अंक शोधत राहिले. गेल्या फॉलमध्ये, पानगळीच्या दिवसांत, जवळच्या रॉली शहरातल्या एका दुकानात तो मिळाला, कोपऱ्यात '1/-' असलेला. काकांनी आधी त्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "बस इथं."

आणि ते मोठ्यानं वाचू लागले. खलनायकाला घोगरा आवाज, म्हाताऱ्या शास्त्रज्ञाला किनरा. काकू जिन्यात येऊन थबकल्या. इतक्या वर्षांच्या संसारात हे आवाज त्यांनी कधी ऐकले नव्हते. बुडालेल्या जहाजातून नायक शेवटच्या पानावर वर आला, तेव्हा काकांनी चष्मा काढला.

"सुटला गं," ते म्हणाले. "दादा म्हणालाच होता, सुटेल."

परवा काकूंनी मला वर नेलं. सगळं जिथल्या तिथे आहे. दहा पेन्सचा शेवटचा अंक आणि त्याला अगदी चिकटून, मध्ये जराही जागा न ठेवता, तो शिलिंगचा... मी त्यांना हात लावला नाही.